अकरा वाजताचा फोन

१

मी बरी झालेय, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक अर्ध्यावरच 'च्यक् च्यक्, बिचारी' करायला लागतात आणि मला त्याचा भयंकर राग येतो. डॉक्टर कल्पिता म्हणाल्या होत्या, "मैना, वहीत लिहीत जा. डोक्यातला गुंता कागदावर आला की सुटतो." सहा महिने वही कोरीच राहिली. आता लिहायला घेतलंय, कारण बोलायला घरात कुणी उरलं नाही. म्हणजे माणसं सगळी आहेत, बोलायची सोय नाही.

आमचं घर थळला, बंदराच्या वरच्या अंगाला. पुढे पडवी, मग माजघर, मग स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की सहा पायऱ्या आणि खाली वाळू. समोर समुद्रात उंदेरीचा किल्ला. राहणारे आम्ही चौघं: मी, माझा नवरा विनेश, सासू सोनूबाई आणि दहा वर्षांची प्राप्ती.

आमच्या आळीत एक जुनी रीत आहे. होडी परत येताना किनाऱ्याच्या जरा अलीकडे इंजिन बंद करतात आणि होडीवाला आपल्या घरच्या बाईला हाक मारतो. बाईनं किनाऱ्यावरून 'होऽऽ' केलं की मगच होडी लावायची. उत्तर नाही आलं तर तिथंच थांबायचं. का, ते मी सासूला विचारलं होतं. तिनं तिच्या सासूला विचारलं नव्हतं, मग मला काय सांगणार कपाळ! आता खिशात फोन आले, तरणी पोरं हसतात, पण विनेशनं ती रीत कधी सोडली नाही. 'मैनेऽऽ' मधला 'ने' तो इतका ताणायचा की बंदरावरच्या बायका मला कोपरखळ्या मारायच्या, "जा गो, तुझा कोंबडा आरवला." मी त्यांना दोन शिव्या घालायचे आणि तोंडाभोवती हात धरून उत्तर द्यायचे. लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

नोव्हेंबरातली सकाळ होती. बंदरावर टेम्पोतून बर्फाचे क्रेट उतरवत होते आणि मी टोपली घेऊन उभी होते. हाक आली. मी वळले, हात तोंडाशी नेले, छातीत श्वास भरून घेतला, आणि वरचा क्रेट घसरून उजव्या कानामागे बसला.

उत्तर द्यायचं राहून गेलं.

२

मुंबईच्या दवाखान्यात अकराव्या दिवशी नीट जाग आली तेव्हा खाटेशेजारी एक माणूस बसला होता. हनुवटीवर गळ लागल्याची खूण, पुढचा दात जरासा तुटका, मनगटावर मीच बांधलेला काळा दोरा. सगळं जागच्या जागी होतं. तो वाकून म्हणाला, "मैना, वलखलंस का मना?" आणि माझ्या मनात आलं, हा कोण?

चेहरा माझ्या नवऱ्याचा होता, पण माणूस तो नव्हता. याहून नीट मला सांगता येत नाही. बाजारात शेजारणीसारखीच साडी नेसलेली बाई पाठमोरी दिसावी, आपण हाक मारावी आणि तिनं वळून बघावं, तसं झालं. तेव्हा आपण 'चुकलं हो' म्हणून पुढे तरी जातो. हा वळल्यावरही चेहरा तोच होता आणि मला पुढे जायला जागा नव्हती. मी किंचाळले. नर्स धावत आली.

डॉक्टर कल्पिता म्हणजे केस बारीक कापलेली, पायात पांढरे बूट घालणारी, माझ्याच वयाची बाई. तिनं औषधाच्या चिठ्ठीमागे पेनानं डोक्याचं चित्र काढून दाखवलं. "हे बघ. मागे, उजव्या बाजूला खाली ही जागा. इथं चेहरे ओळखले जातात. ही तुझी शाबूत आहे. आणि इथं आत हा बदामाएवढा भाग. हा सांगतो, आपलं कोण, परकं कोण, कशाला भ्यायचं, कुणाला बघून बरं वाटायचं. हाही शाबूत. पण या दोघांमधली जी वाट आहे ना, तिला मार बसलाय. त्यामुळं डोळे म्हणतात, हा नवरा. बदाम मात्र गप्प. मग पुढचा मेंदू, कपाळामागचा, तो बसतो हिशेब लावत. तो म्हणतो, नवरा असता तर काहीतरी वाटलं असतं. वाटत नाही, म्हणजे हा दुसराच कुणीतरी."

"आणि तो बरोबर असला तर?" मी विचारलं.

ती हसली. वाईट नाही हसली. "या दुखण्यात सगळे हेच विचारतात."

त्या माणसानं काय केलं ते मला सासूनं सांगितलं. मी पडलेली बघून त्यानं होडीतून उडी मारली, पोहत किनाऱ्याला आला, ओल्या कपड्यांनी मला उचलून टेम्पोत घातलं. होडी तशीच वाहत गेली. तीन दिवस शोधली, एक फळीसुद्धा सापडली नाही. "आगो, होरीवर पानी सोरला तुझ्यासाठी," सासू म्हणाली. "असा घो कोनला भेटतो?"

बंदरावरच्या सगळ्यांनी त्याला पाण्यातून चालत वर येताना पाहिलं होतं. फक्त मी पाहिलं नव्हतं.

३

जानेवारीत घरी आले. त्या दिवसांत मी मनातल्या मनात त्याला 'पडवीतला' म्हणायचे, कारण तो सदानकदा पडवीत बसलेला असे. होडी नव्हती. दुसऱ्याच्या होडीवर जाशील का, असं चारजणांनी विचारलं, तर म्हणाला, मैनेला एकटी टाकून कुठं जाऊ? जाळी विणायची कामं घरी आणायचा. गावभर त्याचं कौतुक चाललेलं. मला वेळेवर गोळ्या द्यायचा, डोकं धुवायला पाणी तापवून द्यायचा. रागावून बोलावं तर बोलायचं तरी काय! चांगलं वागणाऱ्या माणसाबद्दल तक्रार करणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

डॉक्टरनं एक उपाय सांगितला होता. कानाची वाट वेगळी असते म्हणे. आवाज दुसऱ्या रस्त्यानं बदामापर्यंत जातो आणि तो रस्ता माझा मोकळा होता. "त्याच्याकडे बघितलं की परका वाटतो ना? मग बघू नकोस. आतल्या खोलीत जा आणि त्याला फोन लाव. आवाज ऐक. पोटभर बोल. मग बाहेर येऊन त्याच्याकडे बघ. रोज कर. मेंदू शिकतो."

म्हणून रोज अकरा वाजता, सासू बाजारात आणि प्राप्ती शाळेत असताना, मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे, पाटावर बसायचे आणि पडवीत फोन लावायचे. दोन खोल्यांपलीकडे!

आणि काय सांगू, तो माझा विनेशच असायचा.

"मैने, जेवलीस?"

"अकरा वाजता कोन जेवतं रे?"

"डोकं दुखतंय?"

"तुझा आवाज ऐकला की न्हाय दुखत."

"प्राप्ती कशी हाय?"

पहिल्या दिवशी मी पदर तोंडात कोंबून रडले. कुठं गेला होतास रे इतके दिवस, असं म्हणणार होते, पण लगेच गप्प झाले, कारण तो तर पडवीत होता. बोलणं संपवून बाहेर गेले. पडवीतला मांडीवर जाळं आणि हातात फोन घेऊन बसला होता. माझ्याकडे बघून हसला. छातीतलं सगळं भरलेलं एका क्षणात रिकामं झालं.

"बरं वाटलं?" त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

४

फेब्रुवारीत मला ते पाणी ऐकू यायला लागलं.

फोनवर, त्याच्या बोलण्याच्या मागे. चुबुक, चुबुक. लाकडाला पाणी लागतं तसं. आमची पडवी रस्त्याकडे आहे. तिथं रिक्षा ऐकू येतात, कोंबड्या ऐकू येतात, कारखान्याचा भोंगा येतो. हे सगळं मला दारातून नुसत्या कानाला ऐकू यायचं. फोनमध्ये त्यातलं काही नसायचं. फोनमध्ये फक्त तो आणि पाणी.

मी स्वतःला समजावलं. समुद्र घरामागेच आहे, आवाज कुठूनही येतो. फोन स्वस्तातला आहे. डोक्याला मार लागलाय. या तिसऱ्या कारणापुढे बाकीची कारणं शोधायची गरजच पडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

एकदा त्यालाच विचारलं, फोनवर. "तुझ्याकडं पानी कसला वाजतंय?"

तो म्हणाला, "मैने, तू उत्तर दिलं न्हाईस."

"कसलं उत्तर?"

"त्या दिवशी."

मी म्हटलं, क्रेट लागला रे मला, कशी देणार होते? तो म्हणाला, "व्हय व्हय. मी थांबलोय." आणि प्राप्तीच्या अभ्यासाचं विचारायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी एक आगाऊपणा केला. माजघराच्या भिंतीवर त्याचा दाढीचा आरसा टांगलेला असतो. तो सकाळीच जरासा तिरपा करून ठेवला. अकरा वाजता फोन लावला आणि स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडून आरशात पाहिलं. पडवीतला दिसला. फोन कानाला होता. माझ्या कानात विनेश सांगत होता की यंदा बोंबील उशिरा आले. आरशातला माणूस ओठ मिटून समोर रस्त्याकडे बघत होता.

मग त्यानं हळूच मान वळवून आरशात पाहिलं. मी दार लावलं.

तिरप्या आरशात अर्धाच चेहरा दिसतो. मिशी दाट आहे, ओठ हललेले कळत नाहीत. मी असंच म्हटलं स्वतःला.

५

मार्चमधल्या एका मंगळवारी मी नेहमीसारखा फोन लावला. सात मिनिटं बोललो. आमच्या लग्नात त्याच्या मामानं मांडवातच झोप काढली होती ती गोष्ट त्यानं काढली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. ती गोष्ट आम्हा दोघांशिवाय कोण इतकी रंगवून सांगणार!

फोन ठेवला आणि भातासाठी तांदूळ काढायला डबा उघडला. पसा भरून घ्यायला हात आत घातला तर बोटांना काहीतरी टणक लागलं. ओढून काढलं.

त्याचा फोन.

बंद. पाठीमागचं झाकण काढलेलं, आत तांदूळ अडकलेले.

मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. पातेल्यातलं पाणी उकळून अर्धं झालं. मग माझ्या पाठीमागे दारात तो उभा होता. कधी आला ते कळलं नाही. तो घरात कधीच कुणाला लांबून हाक मारायचा नाही, नेहमी जवळ येऊनच बोलायचा.

"बोंबील धुवायच्या टबात पडला सकाली," तो म्हणाला. "सुकाया ठेवलाय. दोन दिवस तांदलात ठेवला का होतो चालू."

"मग आत्ता कशावरून बोललास?"

"सिम आयेच्या फोनात टाकलंय."

बरोबर. असं कुणीही करतं. सासूचा फोन सासूकडे असतो आणि सासू बाजारात बसली होती. पण ती विसरून घरी ठेवून गेली असेल. तो पडवीत असेल. मी पडवीत जाऊन बघू शकले असते. तो दारातच उभा होता आणि त्यानं खांदा बाजूला घेतला नाही.

"भात टाक," तो प्रेमानं म्हणाला. "प्राप्ती येईल."

६

डॉक्टर कल्पिता महिन्यातून एकदा अलिबागलाही यायच्या; तिथं तपासायला नेलं तेव्हा मी त्यांना एकट्यांना गाठून सगळं सांगितलं. पाणी, आरसा, तांदूळ. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला.

"मैना, तू हुशार आहेस, म्हणून तुला जास्त त्रास होतोय. कपाळामागचा मेंदू तुझा जोरात चालतो. त्याला एक गोष्ट पटवायची आहे की हा दुसरा आहे. मग तो पुरावे गोळा करतो. फोन तांदळात होता हे खरं. पण त्याचा अर्थ मेंदूनं लावलाय."

"आणि मला ऐकू आलेलं?"

"तेही मेंदूच ऐकतो."

माझ्याच डोक्यानं सगळं ऐकायचं आणि माझं डोकं खोटं ठरलेलं. शप्पथ सांगते, त्या बाईचा मला इतका राग आला आणि तरी तिचं एकेक वाक्य पटत होतं. मी बाहेर बाकावर बसले आणि तिनं त्याला आत बोलावलं. दार नीट लागलं नव्हतं.

"एकटीला सोडू नका. गोळी वाढवते. महिनाभर बघू. पुन्हा असं बोलली तर दाखल करावं लागेल, निदान दोन-तीन महिने. मुलगी तुमच्यापाशी राहील ना?"

"राहील ना," तो म्हणाला. "माझीच हाय."

परतीच्या एसटीत मी ठरवून टाकलं. तोंडाला कुलूप. हा विनेश आहे, सोन्यासारखा नवरा आहे, मला काही ऐकू येत नाही. मला घराबाहेर काढलं की प्राप्ती दोन-तीन महिने त्याच्याबरोबर. सासूचा मला आधार नव्हता. तिला तिचा मुलगा दिसत होता, तिला कशाला शंका येईल?

त्याच संध्याकाळी त्यानं मागच्या दाराला आडव्या दोन फळ्या ठोकल्या. "चक्कर आली न पायऱ्यांवरून पडलीस मंजे?" तो म्हणाला. सासूनं खिळे धरले. आता स्वयंपाकघरातून समुद्र बघायला एक गजांची खिडकी तेवढी राहिली. बाहेर जायचं तर पडवीतून, आणि पडवीत तो.

पुढच्या दारानं गेले तर गेटपर्यंत बरोबर यायचा. कुठं चाललीस, असं कधी विचारायचा नाही. नुसता चालायचा.

७

प्राप्ती मोठी बडबडी पोर. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तीन गोष्टी सांगून व्हायच्या. एप्रिलात माझ्या लक्षात आलं की ती गप्प झालीये. शाळा सकाळची होती. साडेबाराला वाळूवरून घरी यायची आणि सरळ माझ्या कुशीत बसायची.

एक दिवस मी तिची वेणी घालत होते. तो पडवीत होता, सुतळी ओढल्याचा आवाज येत होता. ती अगदी हळू म्हणाली, "आई, तुला डोक्याला लागलं म्हणून बाबा दुसरे वाटतात ना?"

"आता न्हाय वाटत," मी म्हटलं. "आता बरी हाय मी."

"मला कुठं लागलंय डोक्याला?"

माझे हात थांबले.

"आई, शाळेतून येताना उंदेरीकडून बाबा हाक मारतात. तुझ्या नावानं. रोज. होडी दिसते, लांब. जवळ येत नाही."

पडवीतली सुतळी थांबली होती. मी तिचे केस पुन्हा ओढायला लागले, जोरात, म्हणजे ती 'आई गं' म्हणेल आणि बाहेर नेहमीसारखं वाटेल. ती म्हणाली नाही.

"मी एकदा उत्तर देणार होते," ती कुजबुजली. "तर हे घरातले मागं येऊन उभे होते वाळूत. म्हणाले, उत्तर दिलंस तर आईला दवाखान्यात टाकतील, कायमचं. मग मी नाही दिलं."

मी तिला जवळ ओढलं. म्हणजे मी वेडी नव्हते! केवढा आनंद झाला मला, पण क्षणभरच. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर म्हणतील, आईनं पोरीच्या डोक्यात भरवलं. पोरीलाही नेतील चित्र काढून समजावायला.

"कुनाला बोलू नको," मी तिच्या कानात सांगितलं. "मी देईन उत्तर. मीच द्यायचं असतं ते. जरा संधी मिळू दे."

"नक्की?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

सुतळी पुन्हा सुरू झाली.

८

संधी शोधत होते मी, खरंच शोधत होते. खिडकीतून हाक मारली असती, पण हाक यायची साडेबाराला आणि साडेबाराला तो बरोबर स्वयंपाकघरात यायचा. पाणी प्यायला. तांब्या तोंडाला लावायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. गोळ्यांनी मला सारखी गुंगी असायची. आज नाही तर उद्या, असं म्हणत मे महिना लागला.

मग ती सकाळ आली.

मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. तो अंघोळ करून आला, टॉवेल खांद्यावर, कानात साबणाचा फेस राहिलेला. विनेशच्या कानात कायम राहतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यावरून त्याला हसले होते. मी सहज मान वर केली आणि छातीत काहीतरी हललं. खडखडत नळाला पाणी यावं तसं आधी थोडं आणि मग भसाभस. माझा नवरा! माझा विनेश, किती वाळला होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं, सहा महिने या माणसाला मी परका समजत होते! मी पिठाच्या हातांनी त्याच्या गळ्यात पडले आणि धाय मोकलून रडले. तोही रडला. सासूनं देवापुढे नारळ फोडला.

बदाम बोलला होता. डॉक्टर कल्पितांना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघ! म्हटलं होतं ना, वाट पुन्हा जुळते."

अकरा वाजता, नुसत्या सवयीनं, मी पाटावर बसून फोन लावला.

"मैने, जेवलीस?"

कुणीतरी पुरुष बोलत होता. आवाज विनेशसारखा होता. अगदी तसाच, ताणून बोलायची सवयसुद्धा तीच. आणि मला काहीएक वाटलं नाही.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

मागे पाणी वाजत होतं.

"मैने, मी हाय. लय दिवस झाले गो. उत्तर दे ना."

"कोण पाहिजे तुम्हाला?" मी म्हटलं.

तो काहीतरी बोलत होता, प्राप्तीचं नाव घेत होता. एका परक्या माणसानं माझ्या मुलीचं नाव घ्यावं याचा मला संताप आला. मी फोन बंद केला.

डॉक्टरांना हे सांगितलं नाही. कानाची वाट मोकळी होती, ती कशी बंद पडली, असं त्या विचारतील. आणि सगळं चांगलं चाललं असताना कशाला उकरायचं?

९

काल शनिवार होता. प्राप्तीला उन्हाळ्याची सुट्टी. मी मागच्या खिडकीपाशी कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसले होते, ती गजांना धरून उभी होती. विनेश पडवीत होता. समुद्र ओसरत होता, ऊन इतकं की बघवत नव्हतं.

साडेबाराला हाक आली.

"मैनेऽऽ"

मी ऐकली. कुणीतरी माझ्या नावानं ओरडत होतं, जीव तोडून. उंदेरीच्या अलीकडे एक होडी उभी होती, इंजिन बंद. आत एक माणूस उभा होता, दोन्ही हात तोंडाभोवती. उन्हामुळं त्याचा चेहरा दिसला नाही. दिसला असता तरी काय!

"आई," प्राप्ती म्हणाली. "आता दे."

मी ताट खाली ठेवलं.

"आई, तू शपथ घेतलीस. बाबा आहेत ते. दे ना गं उत्तर."

मला सगळं आठवत होतं. शपथ आठवत होती, तांदळातला फोन आठवत होता, आरशातले मिटलेले ओठ आठवत होते. एकावर एक ठेवून हिशेब केला तर तो एकाच जागी येत होता आणि मला तो नीट कळत होता. कळण्याची काही अडचण नव्हती. फक्त वाटत काही नव्हतं. होडीतल्या माणसाची मला कीव आली, रस्त्यावरच्या कुणाही माणसाची येते तेवढी. आणि पाठीमागे दारात विनेश येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याकडे न बघताही माझ्या जिवाला गार वाटलं. मी नाही हो हे ठरवलं. हे कुणी ठरवत नाही.

"मैनेऽऽ"

"नाही देणार तू?" प्राप्तीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, नोव्हेंबरात खाटेवर जाग आल्यावर मी त्या माणसाकडे असंच पाहिलं असेल. मग तिनं गजांमध्ये तोंड खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला.

मी तिच्या तोंडावर हात दाबला.

"दवाखान्यात टाकतील गो तुला," मी म्हणत होते. "चित्र काढून समजावतील. गप राहा, माझी बाय ती, गप राहा." तिनं माझ्या बोटांना चावा घेतला. मी हात सोडला नाही. विनेशनं मागून येऊन माझ्या हातावर आपला हात ठेवला. किती उबदार हात त्याचा!

तिसऱ्या हाकेनंतर तो माणूस थांबला. होडी हलली नाही. आजही नाही. मी लिहिता लिहिता मधूनमधून बघतेय, ती तिथंच आहे.

प्राप्ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. सकाळी मी तिची वेणी घालायला बसले तर ती वळून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, किती तरी वेळ, कपाळ, डोळे, हनुवटी, एकेक करून. मग उठली आणि माजघरात गेली. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. प्राप्तीनं आजीच्या फोनवरून लावला होता.

मी उचलला. "बोल गो बाय."

दाराच्या फटीतून मला ती दिसत होती, भिंतीला टेकून, डोळे घट्ट मिटून, फोन कानाला लावून.

"आई," ती रडत म्हणाली, "तू कुठे आहेस?"